कोन बदलता येणारी दांडी आणि माझा डाउनस्विंग

मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो, आणि बरीच वर्षं माझा चेंडू लक्ष्याच्या डावीकडे निघून हवेत उजवीकडे वळत जायचा. स्लाइस. हौशी गोल्फरांच्या तक्रारींत हिच्याइतकी सर्रास ऐकू येणारी तक्रार दुसरी नसेल. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मध्यम अंतराच्या क्लबने (गोल्फच्या काठीने), चेंडू थोडासा वळायचा, पण ड्रायव्हरने, लांब फटक्याच्या क्लबने, इतका, की फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या कडेवर नेम धरूनही तो उजवीकडच्या झाडीत जायचा. कारण मला माहीत होतं. डाउनस्विंग, म्हणजे वर नेलेला क्लब चेंडूकडे आणणं, सुरू होताना माझा उजवा खांदा पुढे यायचा, हात शरीरापासून लांब ढकलले जायचे आणि क्लब लक्ष्यरेषेच्या पलीकडून आत कापत चेंडूवर यायचा. प्रशिक्षकांनी ते दाखवलं होतं, व्हिडिओत दिसत होतं, आणि गवतावर आयर्न मारल्यावर पडणारा डिव्हॉट, म्हणजे उखडलेल्या गवताचा खड्डाही, डावीकडेच तोंड करून असायचा.

समजूनही बदल होत नव्हता. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब वर नेण्याच्या, टोकापासून चेंडूपर्यंत क्लब येतो तो साधारण पाव सेकंदात. काहीतरी पाहून त्यावर हात हलवायलाच माणसाला जवळजवळ तेवढा वेळ लागतो. म्हणजे डाउनस्विंग सुटला की मध्येच विचार करून त्याचा मार्ग सुधारणं कुणाच्याच हातात नसतं. क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात तो काळ तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याएवढा. वर हात थांबले असताना शरीराने जो बेत केलेला असतो, तोच खाली उतरतो. आणि मला आतून पक्कं वाटायचं की आज आपण क्लब आतल्या बाजूने आणला. व्हिडिओ लावला की तोच जुना मार्ग. जे वाटतं आणि जे घडतं त्यांत एवढं अंतर असेल तर नुसत्या सूचना किती उपयोगी पडणार? चुकलं की त्याच क्षणी शरीराला कळवणारं काहीतरी हवं होतं. तिथून मी सरावाच्या साधनांकडे वळलो.

बाजारात अशी साधनं भरपूर आहेत. मनगटाला बांधायचे पट्टे आहेत, वाकल्यावर मोडणारे बिजागरीचे क्लब आहेत, उभं राहून आत फिरायची मोठी कडी आहेत. मला स्वतःला शरीर जखडून ठेवणारी साधनं पटत नाहीत. पट्टा हात धरून ठेवतो तेव्हा काम पट्टा करतो, स्नायूंना काही ठरवावंच लागत नाही. मी निवडलेलं साधन साधं होतं. खाली जड पाया, त्यावर वरखाली होणारा खांब आणि खांबाच्या सांध्याला जोडलेली, फोम गुंडाळलेली लांब दांडी. सांध्यावर कोनमापकासारख्या खुणा आणि हाताने आवळायचा नॉब. खांबावर दुसरी एक आखूड दांडीही लावता येते. स्विंग बरोबर असेल तर या साधनाचा तुम्हाला स्पर्शही होत नाही. चुकला तरच शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, फोमला लागतो आणि आवाज येतो. हे मला फार आवडलं, आणि अजूनही या प्रकारच्या साधनाची हीच सर्वांत मोठी गुणवत्ता मानतो.

घेताना काय पाहायचं, तर दोन गोष्टी. नॉब घट्ट आवळल्यावर सांधा सरकता कामा नये, कारण दर चार फटक्यांनी दांडी दोन अंश खाली झुकत असेल तर आपण नेमकं काय शिकतोय हेच कळत नाही. आणि पाया इतका जड हवा की दांडीला क्लब लागला तरी सगळं उभंच राहील. फोम शाफ्टला वाचवतो, पण पाया हलका असेल तर दांडीसकट खांब उडून शेजारच्या जागेवरच्या माणसाला लागू शकतो.

आता प्रश्न, दांडी लावायची कुठे आणि किती अंशांवर. इथे बरेच जण घाई करतात असं मला वाटतं. सूचनापत्रिकेत क्लबनुसार कोन दिलेले असतात, ते लावायचे आणि मारत सुटायचं. पण तो कोन नेमका कशाचा, हे समजल्याशिवाय साधन ‘बदलता येणारं’ असण्याचा उपयोग होत नाही.

स्विंगच्या प्रतलाची, म्हणजे क्लब ज्या तिरक्या पातळीत फिरतो तिची, कल्पना लोकांच्या मनात रुजवली ती गोल्फर बेन होगनने. १९५७ साली त्याने चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरकं टेकवलेलं काचेचं तावदान डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. त्या तावदानाच्या वर हात जाऊ द्यायचे नाहीत, काच फुटता कामा नये. चित्र विलक्षण आहे, पण ते खांद्यांचं प्रतल आहे. चेंडूसमोर उभं राहिल्यावर शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो ते प्रतल याच्या बरंच खाली, कमरेकडे जातं. सात नंबरच्या आयर्नचा हा कोन साधारण बासष्ट अंशांच्या आसपास असतो, ड्रायव्हरचा त्याहून काही अंश कमी. बहुतेकांचा क्लब बॅकस्विंगमध्ये या खालच्या प्रतलातून वर चढतो आणि उतरताना दोन्हींच्या मधून कुठूनतरी येतो. दांडीने नेमकं कोणतं प्रतल दाखवायचं, हे आधी ठरवावं लागतं.

मी ठरवलं की दांडी फक्त डाउनस्विंगच्या शेवटच्या भागासाठी, शाफ्ट जमिनीला समांतर होतो तिथपासून चेंडूपर्यंतच्या वाटेसाठी. बॅकस्विंगकडे लक्षच द्यायचं नाही. हे ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर व्यावसायिक गोल्फर जिम फ्युरिक होता. त्याचा क्लब वर जाताना उभा, बाहेरच्या बाजूने जातो आणि येताना मोठा वळसा घेऊन आत पडतो. त्याच स्विंगने त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ साली पीजीए टूरच्या स्पर्धेत ५८ फटक्यांची फेरी खेळला. वर जाण्याची वाट प्रत्येकाची वेगळी असली तरी चालतं. चेंडूजवळ येतानाची वाट मात्र सगळ्या चांगल्या खेळाडूंची खूपच सारखी दिसते. म्हणून मला शिस्त हवी होती ती तिथेच.

मांडणी अशी. चेंडूतून लक्ष्याकडे जाणारी रेषा मागे वाढवायची आणि त्या रेषेवर, चेंडूच्या मागे सुमारे चार फुटांवर पाया ठेवायचा. दांडी तिथून वर आणि माझ्या बाजूला तिरकी येते. क्लब बाहेरून, म्हणजे वरून कापत आला तर शाफ्ट किंवा क्लबचं डोकं दांडीवर आपटतं. आतून आला तर दांडीच्या खालून निघून जातो. वाक्यात सोपं वाटतं, पण पाया रेषेच्या वीतभर आत किंवा बाहेर सरकला की सगळा अर्थ बदलतो. त्यामुळे मी सरावाच्या जागी जमिनीवर लक्ष्यरेषा दोरीने आखून घेत असे, मग पाया ठेवत असे, आणि तो ठेवल्यावर चेंडूच्या मागे लांब जाऊन दांडी, चेंडू आणि लक्ष्य नजरेने तपासत असे.

कोन मी सूचनापत्रिकेवरून घेतला नाही, कॅमेऱ्यावरून घेतला. फोन तिपाईवर, लक्ष्यरेषेच्या मागे, हातांच्या उंचीवर आणि हातांच्या सरळ रेषेत. कॅमेरा वीतभर डावीकडे-उजवीकडे झाला तरी प्रतल चुकीचं दिसतं. आतल्या बाजूला ठेवला की उत्तम स्विंगही बाहेरून आल्यासारखा भासतो. सेकंदाला २४० चौकटी टिपणारा संथगती व्हिडिओ घेतला तर डाउनस्विंगच्या सुमारे साठ चौकटी मिळतात, अभ्यासाला पुरेशा. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. फोनचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगात फिरणारा शाफ्ट पडद्यावर धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. तेवढा तो प्रत्यक्षात वाकलेला नसतो. कोन मोजायचा तर संथ हालवलेल्या क्लबवर मोजावा.

या चित्रांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. चेंडूला लागण्याच्या क्षणी माझे हात सुरुवातीला उभं राहताना असतात त्याहून थोडे वर होते. हे बहुतेक सगळ्यांचं होतं, उत्तम खेळाडूंचंही. म्हणजे शाफ्टचा कोन त्या क्षणी सुरुवातीच्या कोनापेक्षा काही अंश उभा असतो. दांडी बरोबर सुरुवातीच्या कोनावर लावली, तर चांगला स्विंगही तिला घासेल आणि शरीर त्या चांगल्या स्विंगपासून दूर पळायला शिकेल. सूचनापत्रिकेतला आकडा आणि माझ्या दांडीचा आकडा यांत फरक पडला तो इथे.

शिवाय सुरुवात सैल करायची, असा सल्ला प्रशिक्षकांनी दिला. ते म्हणाले, “दांडी आधी उभी ठेवा. तुम्हाला निदान काही वेळा तरी खालून जाता आलं पाहिजे. प्रत्येक फटक्याला आवाज आला तर तुम्ही दांडीला घाबराल, स्विंग शिकणार नाही.” दांडी जितकी उभी, तितकी ती माझ्यापासून लांब आणि खालची फट मोठी. मग थोडी थोडी तिरकी करत फट अरुंद करायची. कोन बदलता येण्याचं खरं मोल मला तेव्हा उमगलं. सत्तरच्या जवळपास सुरू करून मी हळूहळू खाली आलो, आणि प्रत्येक टप्प्यावर बहुतेक फटके स्पर्शाविना जाऊ लागल्यावरच नॉब सोडला. वहीत क्लब, कोन, खांबाची उंची आणि पायाचं अंतर लिहून ठेवत गेलो. ही वही नसती तर दर वेळी नव्याने अंदाज बांधावा लागला असता.

पहिला काळ चेंडूशिवायच गेला. क्लब कमरेपर्यंत वर न्यायचा, कमरेपर्यंत पुढे, संथ. मग त्याच लांबीचा स्विंग जरा वेगात, आणि मग पूर्ण. चेंडू समोर ठेवला की माणूस चेंडूला मारायला धावतो, जुना बेत लगेच जागा होतो. चेंडू नसताना लक्ष फक्त एका गोष्टीवर ठेवता येतं, खालून जा. कोपर कुठे, खांदा कुठे, याचा विचार मी मुद्दाम सोडून दिला. यामागे नुसती माझी आवड नाही. १९९९ साली संशोधक गॅब्रिएल वुल्फ आणि तिच्या सहकाऱ्यांनी गोल्फ न खेळलेल्या लोकांना छोटा फटका शिकवला. एका गटाला हातांच्या हालचालीवर लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या हालचालीवर. क्लबवर लक्ष ठेवणारे अधिक अचूक मारू लागले. दांडी नेमकं हेच करते, लक्ष शरीरातून काढून बाहेरच्या एका वस्तूकडे नेते.

पण शरीर फार हुशार असतं. ‘खालून जा’ एवढंच सांगितलं तर ते सर्वांत सोपी वाट शोधतं, आणि ती बरोबर असेलच असं नाही. माझ्या शरीराने शोधलेली वाट अशी की डाउनस्विंगमध्ये कंबर चेंडूच्या दिशेने पुढे ढकलायची आणि पाठीचा कणा सरळ करायचा. त्यामुळे हातांना खाली पडायला जागा होते, क्लब दांडीखालून सुटतो, आवाज येत नाही. मात्र चेंडूपासूनचं अंतर बदलतं आणि कधी क्लबच्या टाचेवर, कधी अगदी टोकावर फटका बसतो. काही दिवस दांडी शांत होती आणि फटके बिघडत चालले होते. क्लबच्या तोंडावर पायाला मारायच्या पावडरीचा हलका फवारा मारून ठसे पाहिले, तेव्हा ते तोंडभर विखुरलेले दिसले. खुलासा व्हिडिओने केला.

इथे साधनाची दुसरी, आखूड दांडी कामाला आली. ती मी खांबावरून काढून वेगळ्या स्टँडवर, पाठीमागे कमरेच्या खालच्या भागाला जेमतेम टेकेल अशी लावली. चेंडूसमोर उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंना हलका स्पर्श. बॅकस्विंगमध्ये उजवी बाजू तिला टेकलेली राहते, डाउनस्विंगमध्ये डावी बाजू मागे फिरून टेकते. स्पर्श सुटला की समजायचं, कंबर पुढे गेली. दोन दांड्या एकत्र लावल्या की फसवायला वाट उरत नाही. वरच्या दांडीखालून जायचं आणि मागच्या दांडीला टेकून राहायचं, दोन्ही जमायचं असेल तर डाउनस्विंगची सुरुवात खालून, पाय आणि कंबरेपासूनच करावी लागते. हात वर क्षणभर मागे राहतात आणि मग आपोआप खाली उतरतात. वर्षानुवर्षं ऐकलेली ‘आधी खालचं शरीर’ ही सूचना मला पहिल्यांदा अंगात उतरलेली जाणवली ती या मांडणीत. तो आनंद अजून आठवतो. त्या फटक्याचा आवाजच निराळा होता, घट्ट आणि आखूड.

मग चेंडू ठेवला, आणि तो उजवीकडे गेला. वळत वळत नव्हे, सरळ उजवीकडे निघून तिथेच राहायचा, कधी आणखी उजवीकडे सरकायचा. व्हिडिओत क्लबची वाट सुरेख दिसत होती. डिव्हॉट लक्ष्याकडे, किंवा किंचित उजवीकडे. तरीही चेंडू चुकीच्या जागी.

याचं उत्तर चेंडूच्या भौतिकशास्त्रात आहे, आणि स्विंगचं कुठलंही साधन वापरणाऱ्याने ते समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः क्लबचं तोंड त्या क्षणी कुठे पाहतंय यावर ठरतं. ड्रायव्हरच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के, आयर्नच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के वाटा तोंडाचा, उरलेला क्लबच्या वाटेचा. चेंडू वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे, कारण त्या फरकाने चेंडूच्या फिरकीचा आस कलतो. पूर्वी बरोबर उलट शिकवलं जाई, की चेंडू वाटेने निघतो आणि तोंडाकडे वळतो. रडारवर चालणारी मोजमाप यंत्रं रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पोहोचल्यावर ते मागे पडलं.

माझ्या बाबतीत याचा अर्थ असा. जुन्या स्विंगमध्ये वाट बरीच डावीकडे होती आणि तोंड वाटेच्या मानाने उघडं, म्हणून चेंडू डावीकडून निघून उजवीकडे वळायचा. वाट सुधारली, पण तोंड उघडंच ठेवायची हातांची सवय तशीच राहिली. आता तेच उघडं तोंड थेट उजवीकडे पाहू लागलं. दांडी वाट शिकवते. तोंडाबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. हे ध्यानात आलं तेव्हा मी ग्रिप बदलली. डावा हात थोडा उजवीकडे फिरवून धरला, म्हणजे वरून पाहताना बोटांच्या मुळांचे दोन उंचवटे दिसायचे तिथे जवळजवळ तीन दिसू लागले. पहिल्यांदा ती पकड परकी वाटते. मी ती टीव्हीसमोर बसून क्लब हातात धरून सवयीची केली. त्यानंतर तोंड चेंडूपाशी लक्ष्याकडे सरळ येऊ लागलं आणि चेंडू सरळ, कधी तर हलकासा डावीकडे वळू लागला. माझ्या फटक्याने चेंडू डावीकडे वळताना पाहणं हे माझ्यासाठी फार मोठं होतं.

मध्ये आणखी एक अडचण आली. क्लब आतून येऊ लागला की जमिनीला टेकण्याचा त्याचा सर्वांत खालचा बिंदू मागे सरकतो. काही फटके चेंडूच्या मागेच जमिनीत बसू लागले. उपाय जुनाच होता, वजन वेळेवर डाव्या पायावर नेणं, पण तो दांडीच्या सोबत करावा लागला. मी चेंडूच्या मागे चार बोटांवर एक पातळ टॉवेल पसरत असे. टॉवेलला न लागता चेंडू घ्यायचा. हे दोनच शब्दांत सांगतो कारण यात फारसं नवीन नाही, मात्र ज्यांना आतून येणारी वाट जमू लागली आहे त्यांना हे फटके हमखास भेटतील. घाबरून जुन्या वाटेकडे परतू नये.

ड्रायव्हरसाठी दांडी बदलताना मला वाटलं होतं की कोन कमी केला की झालं. तसं होत नाही. सात नंबरचं आयर्न साधारण ३७ इंच लांब असतं आणि ड्रायव्हर साधारण ४५. क्लब लांब असल्याने खेळाडू चेंडूपासून लांब उभा राहतो, प्रतल आडवं होतं, चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला येतो आणि क्लबचं डोकं मोठ्या वर्तुळावर फिरतं. म्हणून कोन बदलला की पायाही मागे सरकवावा लागतो, नाहीतर लांब शाफ्ट चांगल्या स्विंगमध्येही दांडीवर आदळतो. खांबाची उंचीही नव्याने लावावी लागते. व्यावसायिक गोल्फर ब्रायसन डीशँबोने आपली सगळी आयर्न एकाच लांबीची आणि एकाच कोनाची करून घेतली, त्यामागे हाच विचार होता, प्रत्येक क्लबला एकच प्रतल. आपल्यासारख्यांच्या पिशवीत मात्र दर क्लबाची लांबी वेगळी, त्यामुळे दांडीचीही मांडणी वेगळी. मी तीनच मांडण्या ठरवल्या, वेजसाठी (आखूड अंतराच्या क्लबांसाठी) एक, मधल्या आयर्नसाठी एक आणि ड्रायव्हरसाठी एक. मधल्या क्लबांना मधलं काहीतरी चालून जातं.

आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, दांडी काढून घेणं. रेंजवर दांडी लावून सरळ जाणारा चेंडू कोर्सवर पुन्हा वळायला लागला. त्याचं कारण शिकण्याच्या शास्त्रात सापडतं. १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासून दाखवलं की सराव करताना दर प्रयत्नाला बाहेरून माहिती मिळत राहिली तर त्या वेळची कामगिरी चांगली दिसते, पण माहिती बंद झाली की ती घसरते. शिकणारा त्या माहितीवर विसंबतो, स्वतःच्या अंगाची जाणीव वाचायला शिकत नाही. माझं तेच होत होतं. फोमचा आवाज माझं निदान करत होता, मी स्वतः काहीच करत नव्हतो.

म्हणून सरावाची पद्धत बदलली. दांडी लावून काही फटके, मग ती पूर्ण बाजूला ठेवून काही. दांडी नसलेल्या प्रत्येक फटक्यानंतर, चेंडू कुठे पडला हे पाहण्याआधी मी स्वतःला विचारायचो, दांडी असती तर लागली असती का? उत्तर मनात पक्कं करायचं आणि मगच चेंडूकडे नजर. अधूनमधून व्हिडिओने पडताळायचं. सुरुवातीला माझं उत्तर बऱ्याचदा चुकायचं. जसजसं ते बरोबर येऊ लागलं, तसतशी मला दांडीची गरज कमी होत गेली. एकाच क्लबने एकाच दिशेला मारत राहण्याऐवजी दर फटक्याला क्लब आणि लक्ष्य बदलू लागलो. १९७९ साली शी आणि मॉर्गन यांनी प्रयोगातून दाखवलं होतं की कामांची सरमिसळ करून केलेल्या सरावात प्रगती हळू दिसते, पण नंतर टिकते जास्त. मी हे अनुभवलं आहे. रेंजवरचे ते दिवस खरंच खडतर गेले, आणि कोर्सवरचे चांगले.

दांडी सैल करायचीही एक पद्धत मी बसवली. शिकताना तिरकी करत नेलेली दांडी आता पुन्हा टप्प्याटप्प्याने उभी करायची, फट मोठी करायची. म्हणजे ती फक्त ढोबळ चुकीलाच बोलते. थोडं बाहेरून आलं तर गप्प राहते आणि ते आपलं आपल्याला ओळखावं लागतं. शेवटी ती इतकी लांब जाते की तिथे असून नसल्यासारखीच. सैल, घट्ट, पुन्हा सैल असा हा प्रवास कोन बदलता येणाऱ्या साधनावरच शक्य होतो. पक्क्या कोनाच्या साधनावर एकतर ते लावलेलं असतं किंवा काढलेलं. निवड करताना कुणी मला विचारलं तर मी आग्रहाने हेच सांगतो.

फेरी खेळताना मात्र असल्या कुठल्याही साधनाला हात लावायचा नाही. गोल्फच्या नियम ४.३ नुसार फेरीच्या दरम्यान सरावाचं किंवा स्विंगचं साधन वापरून सराव-स्विंग करणं निषिद्ध आहे. त्यात दिशा दाखवणाऱ्या दांड्या आणि क्लबवर चढवायची वजनाची कडीही येतात. पहिल्या उल्लंघनाला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (होलगणिक जिंकायचं असतं तिथे) ते होल हातचं जातं, आणि पुन्हा केलं तर बाद. २०१६ आधी पहिल्याच वेळी थेट बाद करत. २०१० साली सेफवे क्लासिक स्पर्धेत व्यावसायिक गोल्फर जूली इंकस्टर दहाव्या टीवर (होल जिथून सुरू होतं त्या जागी) बराच वेळ खोळंबली असताना क्लबला वजनाचं कडं लावून सराव-स्विंग करत होती, आणि एवढ्यावरून तिला स्पर्धेबाहेर व्हावं लागलं. दिशेची दांडी पिशवीत असली म्हणून दंड होत नाही, वापरली तर होतो. फेरीआधी सरावाच्या जागेवर काहीही वापरायला मोकळीक आहे. मीही फेरीआधी थोडा वेळ दांडी लावतो, पण अगदी सैल, आणि शेवटचे फटके तिच्याशिवाय. पहिल्या टीवर जाताना अंगात शेवटची आठवण मोकळ्या स्विंगची असावी.

आज आयर्न मारताना मला दांडी क्वचितच लागते. महिन्यातून कधीतरी मांडतो, व्हिडिओ घेतो, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहतो. खांबाची उंची आणि कोन तेच ठेवूनही एखाद्या दिवशी क्लब दांडीला घासू लागला तर आधी उभं राहण्याची पद्धत तपासतो, कारण चेंडूच्या दोन बोटं जवळ उभं राहिलं तरी सगळं प्रतल उभं होतं. ड्रायव्हरचं काम अजून चालू आहे. सरळ वारा असताना, अरुंद फेअरवेवर, खांदा पुढे यायची ओढ परतते आणि चेंडू थोडा उजवीकडे सरकतो. सध्या त्यासाठी ड्रायव्हरची दांडी पुन्हा दोन अंश तिरकी केली आहे, मागची आखूड दांडीही लावली आहे, आणि दर फटक्याआधी फेअरवेची रुंदी दोन खुणांमध्ये मनाने आखून घेतो, म्हणजे अरुंदपणाची सवय रेंजवरच होईल.